भारतीनं देवीपाशी सुई सोडली

मी योग शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी पोट आत घेतो आणि मग विचारतो, "मॅडम, वजन किती दिवसांत उतरेल?" पनवेलच्या जुन्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वर माझा वर्ग आहे, आणि तिथे मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले: "जेवण कमी कराल त्या दिवसापासून." ते ऐकून निम्मी माणसं जिना उतरतात ती पुन्हा चढत नाहीत. उरलेली मात्र चिकट निघतात. आता बरेचसे वर्ग मी माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींवर सोपवलेत. स्वतःकडे ठेवलाय तो एकच, खुर्च्यांचा. त्याविषयीच लिहिते, कारण बाकीचं काय, कुठल्याही आसनांच्या पुस्तकात मिळेल.

खुर्च्यांचा वर्ग म्हणजे प्रत्येकाला एक बिनहाताची भक्कम खुर्ची, हाताच्या अंतरावर भिंत आणि घडी घातलेली एक चादर. येणारे सगळे एकाच दुखण्याचे. मल्टिपल स्क्लेरोसिस त्याचं नाव, आम्ही एमएस म्हणतो. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं तसं आपल्या नसांवर एक आवरण असतं. या दुखण्यात ते जागोजागी सोललं जातं. मग मेंदूचा निरोप पायाला पोचत नाही, किंवा उशिरा पोचतो, किंवा भलताच पोचतो. कुणाला एका डोळ्यानं धूसर दिसतं, कुणाचा पाय घासत जातो, कुणाच्या बोटांत कायमच्या मुंग्या. आणि थकवा बहुतेक सगळ्यांना. हा थकवा आपल्यासारखा नाही. सकाळी उठून दात घासले की दिवस संपला असं वाटायला लावणारा. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे घरचे म्हणतात, आळस. ह्या एका शब्दानं माझ्या वर्गात जितकी माणसं रडली तितकी दुखण्यानं रडली नसतील.

या मंडळींना उकाडा सोसत नाही. अंग तापलं की सोललेल्या नसा जास्तच कुरकुरतात. आंघोळीचं पाणी जरा कढत झालं तरी पाय लटपटतात, गार झालं की परत ताळ्यावर येतात. म्हणजे 'घाम गाळा' हे आमच्या धंद्यातलं लाडकं वाक्य इथे बाद. मी वर्गात एसी बसवला तेव्हा आमचे एक जुने विद्यार्थी, निवृत्त मुख्याध्यापक, फार नाराज झाले. "बाई, ऋषिमुनी काय एसीत बसून योग करायचे?" मी म्हटलं, "ऋषिमुनी हिमालयात बसायचे सर, पनवेलला नाही." त्यांनी पुढे तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण आपल्या वर्गाला सतरंजी एसीखालीच अंथरली.

आमच्या धंद्यात आणखी एक लाडका शब्द आहे, प्रतिकारशक्ती. करोनानंतर तर जो तो ती वाढवून मागायला यायचा, जशी काही मी ती किलोवर विकते. खुर्च्यांचा वर्ग सुरू करायचा ठरला तेव्हा ज्या डॉक्टरबाई मला पेशंट पाठवणार होत्या त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "यांच्यासमोर तो शब्द काढू नका. यांची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती आपल्याच नसांना शत्रू समजून कुरतडतेय." सोसायटीचा वॉचमन चोर सोडून राहणाऱ्यांनाच झोडपायला लागला, तर त्याला जास्त जाड काठी देत नाहीत, हातातली आहे तीही काढून घेतात. या दुखण्याची मुख्य औषधं तेच करतात. मी विचारलं, मग योगानं तो वॉचमन शुद्धीवर येतो का? बाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, ताण उतरतो, झोप लागते, त्यानं शरीरातली ही धुसफूस थोडी शमत असेल, तशी आशा आहे, अभ्यास चालू आहेत, पण छातीठोक सांगण्यासारखं अजून काही नाही. थकवा, तोल आणि मन यांना मात्र उपयोग होतो. "तेवढंच सांगा. त्याच्या एक पाऊल पुढे जाऊ नका." मी तेवढंच सांगत आले. ऐकणारा काय ऐकतो हे आपल्या हातात नसतं.

कामोठ्याचे पेडणेकर बघा. न्हावा शेवाला कंटेनर सोडवायचं काम करून त्यांची सगळी भाषाच बंदरातली झालेली. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधीच विचारलं, "मॅडम, हा माल किती दिवसांत क्लिअर होईल?" बरं वाटलं त्या दिवशी हे गृहस्थ दुप्पट आसनं करायचे, बाजारहाट करायचे, माळा साफ करायचे, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. त्यांना मला शिकवायचं होतं ते आसन नव्हतंच. चांगल्या दिवशी कमी करायचं आणि दमायच्या आधी बसायचं, एवढंच. हे शिकणं त्यांना शीर्षासनापेक्षा जड गेलं. एके दिवशी जिन्याच्या मधल्या पायरीवर स्वस्थ बसलेले दिसले. मी घाबरून विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. दमायच्या आधी बसलोय." मला पद्मश्री मिळाल्यासारखं झालं.

आता भारतीचं सांगते.

भारती उरण रस्त्यावरच्या एका गावातली. नवरा नरेश, दोन ट्रेलरचा मालक, बंदरातून माल वाहतो. एक मुलगी, शाळेत जाणारी. भारती घरी बसून ब्लाउज शिवायची आणि गावातल्या हळदीलग्नांत तिच्या हातच्या ब्लाउजांना फार मागणी. ते हातच थरथरायला लागले, मग एक पाय ओढायला लागली. निदान होईपर्यंत गावभर लकवा म्हणून झालं होतं. माझ्याकडे आली ती भिंतीला धरून, आणि मागून तिची सासू हिराबाई. पातळ गुडघ्यापर्यंत कसून नेसलेलं, अंबाड्यात अबोली. वर्गभर ती कोपऱ्यात मांडी ठोकून बसायची आणि माझ्यावर असं लक्ष ठेवायची की मला माझीच परीक्षा चालल्यासारखं वाटे.

सुरुवातीलाच कळलं की हिराबाई सुनेला रोज सकाळी गुळवेलीचा काढा पाजतेय, ताकद वाढायला. मी तिला वॉचमनची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, ह्या औषधांबरोबर असं काहीही डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे घरचाच मानूस मारतोय." मी म्हटलं, हो. "मंग त्याला खायाला कशाला घालायचा," म्हणाली, आणि डॉक्टरबाईंकडून खात्री करून घेऊन काढा बंद केला. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्या कामाची आहे.

भारतीला दर सहा महिन्यांनी हॉस्पिटलात दिवसभर राहून सलाईनमधून औषध घ्यावं लागे. ती त्याला 'सुई' म्हणे आणि मनापासून भिई. आधी आठवडाभर जेवण उतरायचं नाही. पण घेत राहिली. आणि माझ्याकडे येत राहिली. खुर्चीवर बसून पाय उचलणं, भिंतीला पाठ लावून तोल धरणं, लांब श्वास, आणि शेवटी निजून स्वस्थ पडणं. दीडएक वर्षात ती भिंत सोडून चालायला लागली. एके दिवशी माझ्यापुढे सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्या झटक्यात. पुढच्या आठवड्यात मला एक ब्लाउज शिवून आणला. काखेत जरा घट्ट झाला होता, पण मी तो वर्षभर मिरवला.

मग चैत्र आला. यांच्या गावातून कार्ल्याच्या एकवीरेला गाड्या भरून माणसं जातात. भारती दुखणं सुरू झाल्यापासून गेली नव्हती. या वेळी गेली. पहाटेच्या गारव्यात निघाली, मानेवर ओला पंचा टाकला, पायऱ्यांवर दमायच्या आधी बसत बसत वर पोचली. मला वरून फोन केला. वाऱ्यामुळे काही ऐकू आलं नाही, पण हसू ऐकू आलं. मी दिवसभर खुशीत होते.

पुढच्या महिन्यात तिची सुईची तारीख होती. तारीख गेली आणि चारपाच दिवसांनी नरेशचा फोन आला.

"मॅडम, ती जायला तयारच नाय. डॉक्टरबाईंचे दोन फोन आले, उचलत नाय. माझा ऐकत नाय. तुमचा ऐकेल."

"पण का?"

"तिनं देवीपाशी सोडली मॅडम. सुई."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आपल्याकडे देवाच्या दारी जाऊन एखादी वस्तू सोडायची पद्धत आहे. बायका एखादी भाजी सोडतात, कुणी गोड सोडतं, कुणी तंबाखू. एकदा सोडली की जन्मात तोंडाला लावायची नाही. भारती देवीसमोर उभी राहिली, आपल्या पायांनी आले या आनंदात डोळे मिटले, आणि देवीला काय द्यावं म्हणून मनातल्या मनात सुई सोडून आली.

मी रिक्षा केली आणि गाव गाठलं. मे महिना, रस्त्यावर ट्रेलरांची रांग, धुळीनं घसा कोरडा. अंगणात हिराबाई पावसाळ्याची बेगमी करत बसली होती, सुक्या बोंबलांची डोकी-शेपट्या खुडून ते पत्र्यावर उन्हात पसरत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. मी सहज भेटायला आले असं तिला वाटलं असावं. नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून भारतीनं तिला काही सांगितलंच नव्हतं, नरेशलाही फार खोदून विचारल्यावरच सांगितलं होतं. तारीख पुढे गेलीय एवढंच तिला माहीत.

आत पंख्याखाली भारती बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि तीच चूक सांगायला लागली जिची मला भीती होती.

"मॅडम, तुमच्या योगानं मी बरी झाले. आता सुई नको. तुमीच सांगा ह्यांना."

एवढी वर्षं लोकांनी 'योगानं काय होतंय' म्हणून नाकं मुरडली. आणि आता एक बाई माझ्या योगावर जीव टाकून बसली होती, तर मलाच तिचा विश्वास खोडून काढायचा होता.

"भारती, माझ्या योगानं तू बरी झालेली नाहीस," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. "मंग इतके दिवस काय करून घेतलात?"

"तुझ्या नसा शाबूत ठेवल्या त्या औषधानं. मी शाबूत राहिलेल्या नसांकडून काम करून घेतलं. औषध बंद केलंस तर सोलणं पुन्हा सुरू होईल, आणि तेव्हा मी तुला खुर्चीवर बसवून काही करू शकणार नाही. एकदा मेलेली नस मला जिवंत करता येत नाही."

मी तिच्यादेखत डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, थोडा उशीर झालाय, चालेल, पण आता थांबू नका. भारती, तुझा पाय पुन्हा ओढायला लागला तर तो परत येईलच असं मी सांगू शकत नाही.

भारती शहाणी आहे. तिला सगळं कळलं. कळलं म्हणूनच ती रडायला लागली.

"मॅडम, मना कललंय. पन देवीला शब्द दिलाय. तो मोडला तर? मना काय झाला तरी चालेल. माझ्या पोरीला काय झाला तर?"

मी म्हटलं, देवी अशी रागावत नाही. पण माझ्या बोलण्यात काही दम नव्हता, आणि तिला ते जाणवलं. मी कोण देवीच्या वतीनं बोलणारी? तोल जाणाऱ्या माणसाला कुठे हात द्यायचा हे मला ठाऊक आहे. इथे हात कुठे द्यायचा ते कळत नव्हतं. नरेश दाराला टेकून उभा होता. मला त्या क्षणी मनापासून भीती वाटली. ही पोरगी आपल्या डोळ्यांदेखत परत भिंत धरणार, आणि आपण शिकवलेलं चालणंच त्याला कारण ठरणार.

रडणं ऐकून हिराबाई आत आली. हाताला बोंबलांचा वास, कपाळाला घाम.

"काय झाला गो?"

नरेशनं सांगितलं.

हिराबाई खाली बसली. सुनेकडे बघून शांतपणे म्हणाली, "तू देवीपाशी काय सोडलास?"

"सुई."

"सुई तुला आवडते?"

"नाय."

"मंग सोडलीस कशी? देवीपाशी आवडीचा सोडतात गो बाय. आपल्याला नको ते टाकून आलास तर त्याला सोडला म्हनत नाय. कचरा टाकला म्हनतात."

मग नरेशला आधी हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग मला. माझ्या एका मामीनं काशीत कारलं सोडलं होतं. तिनं आयुष्यात कधी कारलं खाल्लं नव्हतं आणि आम्ही भाचवंडं तिला त्यावरून जन्मभर चिडवत होतो. तरी हे मला सुचलं नाही. भारतीही डोळे पुसता पुसता हसली. पण लगेच थांबली.

"पन आय, तोंडातून गेलाय ना शब्द. मनातून का असेना, गेलाय."

"गेलाय," हिराबाई म्हणाली. तिनं ते उडवून लावलं नाही, हे मला फार आवडलं. "शब्द रिकामा ठेवायचा नाय. तुझ्या जागी मी सोडते."

"काय सोडशील?" नरेशनं विचारलं.

तिनं दारातून अंगणाकडे पाहिलं. तिथे पावसाळ्याची बेगमी पत्र्यावर वाळत होती.

"बोंबील."

नरेशचं हसू गेलं. "आये, तू बोंबलाशिवाय घास गिलत नाय. पावसात काय खाशील?"

"डाल," ती म्हणाली, आणि उठून बाहेर जाऊन उरलेल्या बोंबलांच्या शेपट्या खुडायला लागली, घरातल्या बाकीच्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात खाट मिळाली आणि भारतीनं सुई घेतली. संध्याकाळी नरेशचा फोन येईपर्यंत मी वर्गात उगाचच खुर्च्या इकडच्या तिकडे करत होते. फोन ठेवल्यावर एका खुर्चीवर बसले, लांब श्वास सोडला, आणि तीस वर्षं लोकांना जे सांगत आले ते मला पहिल्यांदा कुणी न सांगता जमलं. खांदे आपोआप खाली आले. पावसाळ्यानंतर तिच्या मेंदूचा एमआरआय झाला. नस सोलल्याचा नवा डाग एकही नव्हता. डॉक्टरबाईंनी मला स्वतः फोन करून सांगितलं, आणि फोनवर इतक्या हसत होत्या की मीच त्यांना म्हटलं, बाई, श्वास घ्या.

पुढच्या सुईला मी बरोबर गेले. जायची गरज नव्हती, पण मला बघायचं होतं. गार खोली, ओळीनं खाटा, भारतीच्या हाताला सलाईन. औषधाआधीच्या गोळीनं तिला झोप आली होती. झोपेतसुद्धा कपाळावर आठी होती, सुईची. शेजारच्या स्टुलावर हिराबाई. मी डबा उघडला, घरच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. तिला दिली. तिनं खाल्ली, पण खाताना मन कुठे होतं ते मला कळलं. आख्खा पावसाळा घरात बोंबील भाजले गेले होते, तळले गेले होते, आणि तिनं ताट घेऊन पडवीत बसून जेवण केलं होतं, हे मला नरेशनं सांगितलं होतं.

मी विचारलं, "हिराबाई, जमतंय का बोंबलाशिवाय?"

"नाय जमत," ती म्हणाली. मग सुनेच्या कपाळाकडे बघितलं. "हिला तरी सुई कुठं जमते? घेतेच हाय ना."

आणि तिनं भारतीच्या पायांवरची चादर जरा वर ओढून नीट केली.